तिसऱ्या रांगेतला लाल ठिपका

मातोझिन्युशच्या बसथांब्यावर आम्ही एक पोस्टर लावलं होतं.
बटण दाबलं की कोळशावर भाजलेल्या तारलीचा वास सुटायचा.
शब्द एकही नाही. खाली फक्त कारखान्याचं नाव.
तीन दिवसांत गावभर बोलबाला,
चौथ्या दिवशी थांब्यावर अकरा मांजरं
आणि बसचालकांच्या संघटनेचं खरमरीत पत्र.
त्या पत्राचंच आम्ही पुढचं पोस्टर केलं.

असं काही सुचतं तेव्हा वाटतं, बरे आहोत आपण या धंद्यात.
बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात म्हणे.
मी म्हणते, मांजराला बोलावता आलं पाहिजे,
माणूस मागून येतोच.

बाकीचं काम असं नसतं.
बाकीचं काम म्हणजे खिडकीपाशी गार झालेली कॉफी
आणि अवजारं.
एक अवजार सांगतं, लोक रात्री काय शोधतात:
चावीशिवाय डबा कसा उघडायचा,
उघडलेला डबा किती दिवस टिकतो,
एकट्यासाठी रात्रीचं जेवण.
हे शेवटचं नोव्हेंबरात दुप्पट होतं.
त्यावरून मी अर्ध्या आकाराचा डबा सुचवला.
सेन्योर आबीलियु म्हणाले, दुल्से, डोकं आहे तुला.
डबा खपला. बोनस मिळाला.
त्या महिन्यात मी शेजारच्या म्हाताऱ्याशी
जिन्यात धड बोलले नाही.

दुसरं अवजार माझं लाडकं.
पानावर कुणाचा हात कुठे रेंगाळतो ते रंगात दाखवतं.
निळा म्हणजे आले नि गेले,
पिवळा म्हणजे घुटमळले,
लाल म्हणजे जीव अडकला.
लाल रंग 'विकत घ्या'वर हवा,
त्याचाच मला पगार.

आमच्या पानावर लाल भलतीकडेच.
अगदी तळाशी, जिथे कुणी उतरत नाही,
कारखान्याचा जुना फोटो, एकोणीसशे एकाहत्तर,
पांढऱ्या टोप्यांतल्या चाळीस बायका,
आणि तिसऱ्या रांगेत, डावीकडून दुसरीच्या
गालावर नाण्याएवढा लाल ठिपका.

मला वाटलं, बिघाड.
नुनू म्हणाला, बिघाड नाही, एकच कुणीतरी आहे.
रोज येतं. रात्री पावणेतीनला.
काही घेत नाही.

मी तरीही चाचणी लावली. सवय.
निम्म्यांना फोटो, निम्म्यांना नाही.
फोटो नसलेलं पान जिंकलं, शेकडा चारने.

बैठक सोमवारी होती.
शनिवारी मी गोदामात जाऊन मूळ फोटो शोधला,
मागे पेन्सिलीने नावं.
तिसरी रांग, दुसरी: लुदोविना.
पुढे काही नाही. आडनावही नाही.
पावणेतीनला येतो तो नवरा असेल, बहीण असेल,
किंवा झोप उडालेली लुदोविनाच,
स्वतःच्या एकोणीस वर्षांच्या गालावर
बोट ठेवून बसलेली.

सोमवारी मी चार टक्के सांगितले.
खोटं बोलता येत नाही, आकडे भिंतीवर असतात.
आबीलियु म्हणाले, काढा मग.
काढला.

वेळेनुसार पान बदलणारं एक तिसरं अवजार आहे,
नाताळच्या सवलतींसाठी वापरतात.
त्यात मी एक नियम लिहिला:
रात्री दोन ते चार, जुनं पान.
बस. एका गिऱ्हाईकासाठी मोहीम,
खर्च काही नाही, खप शून्य,
आणि पुरस्काराच्या अर्जात लिहिता येणार नाही
अशी माझी एकमेव.

मार्चपासून ठिपका हलू लागलाय.
चौथ्या रांगेकडे, हळूहळू,
एका उंच बाईच्या खांद्यापाशी.
नुनू म्हणतो, आता दुसरं कुणीतरी दिसतंय.
त्या जागी पेन्सिल पुसट आहे.
पहिलं अक्षर 'अ' असावं,
किंवा फोटो घडी घातला होता, त्याची रेघ.